उसवलं म्हणणारी

आमच्या थोरल्या वहिनीला कोरसातल्या बायका टाचणी म्हणत. अंगानं तशी आणि बोलण्यानंही. दिवसभर दुकानात पडदे शिवायची, बोलावणं आलं की रेकॉर्डिंगला मागं उभी राहायची.

एका गाण्यात मधली ओळ तिला एकटीला मिळाली, 'तू आलास नि मन उमललं'. वहिनीच्या तोंडून गेलं, 'मन उसवलं'. जन्म सगळा शिवणीत गेलेला; जिभेला जो शब्द सवयीचा तोच आला. त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. गाणं बाजारात गेल्यावर गीतकार कागद नाचवत आला. चारचौघांत तिला अडाणी म्हणाला आणि कोरसातून हाकललं.

पण लोकांनी नेमका तोच शब्द उचलला. भाजीवालीसुद्धा फाटकी पिशवी दाखवून "उसवलं बाई" म्हणून गायला लागली. वर्षातलं सर्वोत्तम गाणं म्हणून देशाचा पुरस्कार त्यालाच मिळाला, आणि परीक्षकांनी त्या एका शब्दाची तोंड फाटेस्तोवर वाहवा केली.

मग गीतकार दुकानात आला, जिभेला साखर लावून. सोहळ्यात ती ओळ वहिनींनीच गायची, दुसरी कुणी गायली की इस्त्री फिरवल्यागत सपाट लागते म्हणाला. वहिनीनं सुई खाली ठेवली नाही. गाईन, पण शब्द कुणाचा ते तिथं सगळ्यांसमोर सांगायचं, एवढीच अट घातली.

"अहो, सांगणारच की," तो म्हणाला.

वहिनी गायली. सभागृह उठून उभं राहिलं. गीतकारानं पुरस्काराची बाहुली हातात घेतली, डोळे मिटले आणि सांगितलं, 'उसवलं' हा शब्द शोधताना माझं रक्त आटलं.

वहिनीचा माईक बंद करायचा राहिला होता.

"रक्त कुणाचं आटलं रे? ह्याच शब्दापायी मला हाकललंस ना?"

सोहळा टीव्हीवर चालू होता, सगळ्या देशानं ऐकलं. निवेदिका कसनुशी हसली, वाजवणाऱ्यांनी घाईनं वाजवायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी गीतकाराचा निरोप आला, जाहीर माफी मागा, पुढच्या गाण्यात घेतो. दादा म्हणाला, माग बाई, दोन शब्दांनी काय झिजतेस. वहिनीनं आधी दादाला झाडलं, मग निरोप्याला उंबऱ्यातच अडवलं.

"त्याला सांग, एक तरी चूक स्वतःची करून दाखव म्हणावं."

त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. ते गाणं लागलं की ती अजून मशीन थांबवते आणि गीतकाराच्या सात पिढ्या उद्धारते.