अंड्यात झोपलेलं पिल्लू

शाळेच्या पुस्तकपेटीत कोंबडीची पाच-सहा चित्रपुस्तकं होती. सगळ्यांतल्या कोंबड्या पांढऱ्याशुभ्र, गुबगुबीत, लाकडी घरात राहणाऱ्या. माझ्या पहिलीच्या लेकरांना ती पुस्तकं आवडायची, पण एकदा एकानं विचारलं, "बाई, ही कोणाच्या घरची कोंबडी हाय?" मला सांगता येईना. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत हिंगोलीच्या घरी बसून मी स्वतःच एक पुस्तक केलं. चित्रकलेचे जाड कागद, खडूचे रंग आणि मधोमध दोऱ्याची शिवण. त्यातली कोंबडी तांबडी, मानेवर काळे ठिपके असलेली. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींची ती कोंबडी खिचडीच्या खोलीमागं दिवसभर उकरत असायची, तिलाच मी कागदावर उतरवलं होतं.

आठव्या पानावर मी मधोमध कापलेलं अंडं काढलं. आत पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून बसलेलं पिवळं पिल्लू. ते पान मला सगळ्यात चांगलं जमलं होतं.

माझी शाळा कनेरगाव नाक्यावर एसटीतून उतरून ऑटोनं आत गेलं की लागते. त्या वर्षी पहिलीत एक फार बारीक पोरगी होती. पाठीवर दप्तर घेतलं की मागून नुसतं दप्तरच चालताना दिसायचं. आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी तिचं वजन दोनदा बघितलं आणि मला म्हणाले, "हिचं अंडं चुकवू नका." तेव्हा शाळेत आठवड्यातून एक दिवस उकडलेलं अंडं मिळायचं. न खाणाऱ्यांना केळं.

दुसऱ्या दिवशी तिची आई शेताकडं जाताना शाळेत आली. फाटकाच्या आत आली नाही, मलाच बाहेर बोलावलं.

"म्याडम, आमच्या घरात अंडं चालत न्हाई. सासऱ्याच्या गळ्यात माळ हाय. पण डॉक्टर म्हणून राहिले तर शाळेत खाऊ द्या तिला. फक्त घरी कळू देऊ नका."

मी यादीत तिच्या नावापुढं अंड्याची खूण केली. त्या दिवसापासून एक बारीक भीती माझ्या मागं लागली. गावात अशा गोष्टी किती दिवस लपतात?

सुट्टीनंतर मी ते पुस्तक वर्गात वाचलं. आठवं पान उघडलं तशी ती पोरगी उठून जवळ आली आणि पिल्लाच्या मिटलेल्या डोळ्यावर तिनं बोट ठेवलं.

"बाई, हे मेलं का?"

"नाही गं. झोपलंय. एकवीस दिवस झोपतं, मग बाहेर येतं."

"कोणत्या अंड्यात?"

"सगळ्याच अंड्यांत," मी म्हणून गेले आणि पान उलटलं.

दोन दिवसांनी अंड्याचा वार होता. सगळ्यांची ताटं वाढून झाली. तिनं अंडं ताटात ठेवलंच नाही. स्वेटरच्या आत, काखेत धरून बसली. मी विचारलं तर हळूच म्हणाली, "झोपून राहिलं ते. ऊब देऊन राहिले मी."

मी म्हटलं, "हे तर उकडलेलं आहे." हे दुसरं चुकलं.

तिनं काखेतलं अंडं बाहेर काढून बघितलं. "उकडलं की मरतं ना बाई?"

ओळीतल्या बाकीच्या पोरांनी ते ऐकलं. पुढच्या आठवड्यात निम्म्या वर्गानं अंडी बाजूला काढून ठेवली. मावशी ते पातेलं घेऊन माझ्याकडं आल्या. "म्याडम, पोरं अंडे काहून ठेवून राहिले? मागच्या खेपेला तर मागून खात होते."

बाकीची पोरं पंधरा दिवसांत विसरली. ती विसरली नाही. मी तिला जवळ बसवून समजावलं की आपण खातो त्या अंड्यांत पिल्लू नसतं. ती म्हणाली, "पण तुमीच काढलंय की." तिचं बरोबर होतं. मग मी आणखी एक मूर्खपणा केला. घरी नेऊन त्या पानावर पांढरा कागद चिकटवला आणि वर नुसतं गोल अंडं काढलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तक मागून घेतलं, पान शोधलं आणि नखानं कडेचा कागद उकलायला लागली. "कोंडलं का त्याला?" एवढंच विचारलं. मी पुस्तक कपाटात ठेवून दिलं. कुलूप लावलं तेव्हा ती दारात उभी राहून बघत होती.

एक दिवस मधल्या सुट्टीत कोणीतरी शेंगदाणे आणले होते. तिनं एक दाणा सोलून त्याच्या दोन फाकी केल्या. दाण्याच्या टोकाशी बारीकसा कोंब असतो, चोचीसारखा दिसतो. तो तिनं मला दाखवला. "बाई, यातबी हाय." त्या दिवसापासून शेंगदाणे सुटले. मग मोड आलेली मटकी. मग वाटाणा. रोज खिचडीतून ती एकेक दाणा वेचून ताटाच्या कडेला लावायची, आणि रोज मी बघायची की ताटात काय उरलं आणि पोटात काय गेलं. रात्री अंथरुणावर पडलं की मला तिच्या मनगटाचं हाडच दिसायचं. माझ्या एका चित्रापायी, एका वाक्यापायी हे लेकरू जेवेनासं झालं, ही गोष्ट मी घरीसुद्धा कोणाला सांगितली नव्हती.

डिसेंबर संपता संपता परिपाठाच्या वेळी ती उभ्या उभ्या खाली बसली आणि आडवी झाली. मी तिला उचललं. इतकी हलकी की मला धडकी भरली. साखरपाणी पाजल्यावर तिनं डोळे उघडले. नाक्यावरच्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, अशक्तपणा आहे, खाऊ घाला. तिची आई धावत आली. परत येताना ऑटोत आई पोरीला मांडीवर घेऊन बसली. उतरताना म्हणाली, "म्याडम, तुमी काय वाचून दाखवलं तिला?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन पोरीला कडेवर घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी तिचे आजोबा उभे. पांढरं धोतर, गळ्यात तुळशीची माळ. मला वाटलं, झालं. कळलं घरात. आता हे मुख्याध्यापकांकडं जाणार, गाव गोळा होणार, आणि त्या बाईचे घरात हाल होणार. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"ते पुस्तक बघू द्या," ते म्हणाले.

कपाटातून काढून दिलं. त्यांनी एकेक पान सावकाश उलटलं. आठव्या पानावर थांबले, चिकटवलेल्या कागदावरून बोट फिरवलं आणि पुस्तक मिटलं.

"पोरीनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं, शाळेत अंडं मिळतं म्हणून. ती माझ्यापासून काही लपवत न्हाई. मी खात न्हाई, ती खात असंल तर खाऊ द्या. पण तिनं शेंगदाणे काहून सोडले? मी रोज खिशात घालून नेतो तिच्यासाठी. तिची काहीतरी सोय करा तुमी."

मी मान हलवली. जाता जाता ते वळले. "सूनबाईला सांगू नका मला ठाऊक हाय म्हणून. ती भेते."

म्हणजे आता माझ्याकडं दोन गुपितं झाली, एकाच घरातली.

मी मावशींकडं गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्याडम, सांगून काय व्हणार? दाखवा तिला. माझी ती ठिपक्याची खुडूक झाली हाय. चार दिवसांपासून रिकाम्या टोपलीत बसून राहिली. तिच्याखाली अंडे ठेवू."

मला ते पटलं आणि भीतीही वाटली. जिवंत पिल्लू बघून पोरीनं उरलेलं जेवणही सोडलं तर? थंडी होती, एकही अंडं फुटलं नाही तर? पण दुसरं काही सुचत नव्हतं. मावशींनी सामानाच्या खोलीत घमेल्यात भुसा आणि गवत घातलं, घरची नऊ अंडी ठेवली. मी हिंगोलीच्या दुकानातून तीन अंडी आणली. त्या तिन्हींवर पेन्सिलीनं फुली मारली आणि तीही कोंबडीखाली सरकवली. पोरीनं स्वतःच्या हातानं एक ठेवलं.

आठव्या दिवशी आम्ही तिघी त्या खोलीत गेलो. दार लावून अंधार केला. मी मोबाइलचा उजेड लावला आणि मावशींनी घरचं एक अंडं त्याच्यावर धरलं. आत लाल रेषा होत्या, बारीक मुळ्यांसारख्या, आणि मधोमध एक काळा ठिपका. तो हलला. पोरीनं माझा हात धरला.

"ह्यो डोळा हाय का?"

"व्हय," मावशी म्हणाल्या. "हे झोपून राहिलं."

मग फुलीचं अंडं धरलं. नुसता पिवळट उजेड. दुसरं, तिसरं, तसंच. मावशींनी त्यातली दोन बाजूला काढली आणि एक ताटलीत फोडलं. पोरगी खाली वाकली. बोट घालून तिनं पिवळं हलवलं, पांढरं हलवलं, ताटली तिरकी करून बघितली.

"न्हाईच."

"नव्हतंच कधी," मावशी म्हणाल्या. "दुकानाचे अंडे जिथून येतात तिथं कोंबडा नसतो. कोंबडा नसला की पिल्लू धरत न्हाई. माझ्याकडं हाय कोंबडा, म्हणून ह्यांच्यात हाय."

मी म्हटलं, "मी तुला सगळ्याच अंड्यांत असतं असं सांगितलं होतं. ते चुकीचं सांगितलं."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ती अजून ताटलीत बघत होती. पण त्या दिवशी खिचडीतले वाटाणे तिनं वेगळे काढले नाहीत. शेंगदाण्याचं मात्र तिनं आपलं आपण ठरवलं. फाकी करायची, टोकाचा कोंब काढून ठेवायचा, बाकीचा दाणा खायचा. जमलेले कोंब कोंबडीपुढं टाकायचे. कोंबडी ते टिपायची, त्याचं तिला काही वाटायचं नाही. दाणा पोटात जात होता.

एकविसावा दिवस रविवारी आला. मला घरात राहवेना. सकाळची एसटी धरून नाक्यावर उतरले. ऑटो नव्हता, चालत निघाले. वाटेत एका शेतात हळद शिजत होती, सगळ्या रस्त्यावर तिची वाफ पसरलेली. आणि मी चालता चालता मनात आकडे मोजत होते. पाच निघाली तरी पुरे. चार निघाली तरी चालेल.

खोलीत आजोबा आणि नात दोघं आधीच बसलेले होते. सात पिल्लं निघाली होती, ओली, कोंबडीच्या पंखाखालून डोकी काढणारी. एक अंडं तसंच होतं. आणि एकाला भोक पडून चोच बाहेर आलेली, पण हालचाल नव्हती. तेच पोरीच्या ओंजळीत होतं.

"बाई, हे उठलंच न्हाई."

या खेपेला मी घाईनं बोलले नाही. आजोबांकडं बघितलं, ते जमिनीकडं बघत होते.

"उठायला लागलं होतं," मी म्हटलं. "पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही."

मग आजोबांनी तिला खिचडीच्या खोलीमागं नेलं आणि शेवग्याच्या बुंध्याशी दोघांनी खड्डा केला. मला वाटत होतं, आता रडेल, आता सगळं मुळापासून परत सुरू होईल. ती हात धुऊन आली आणि सात पिल्लं परत मोजायला बसली.

पुढच्या अंड्याच्या वारी तिनं मावशींना विचारलं, "हे हिंगोलीचं का तुमचं?"

"हिंगोलीचं."

तिनं सोललं. पांढरं खाल्लं, पिवळं ताटाच्या कडेला ठेवलं. मी टक लावून बघत होते. मावशी जवळ येऊन म्हणाल्या, "म्याडम, तुमी बघू नका. तुमी बघितलं की ती थांबते." मी वर्गात निघून गेले. पिवळं खायला तिला आणखी तीन आठवडे लागले, हे मला मावशींनीच सांगितलं.

पुढं सरकारनं शाळेतली अंडी बंद केली आणि मी पुन्हा काळजीत पडले. निकालाच्या दिवशी तिची आई आली. पोरीचं वजन दीड किलोनं वाढलं होतं. ती म्हणाली, "म्याडम, परवा सासऱ्यानं सोताच दुकानातून अंडे आणले. म्हणले, वेगळ्या भांड्यात उकड अन् पोरीला दे. मी तर थरथर कापून राहिले. त्यायला म्हणे पहिल्यापासून ठाऊक व्हतं." मग तिनं विचारलं, "तुमाला ठाऊक व्हतं का?"

"हो," मी म्हटलं. "त्यांनी सांगू नका म्हटलं होतं."

ती रागावली असावी. महिनोन्‌महिने ती जिवाला घोर लावून बसली होती आणि मी रोज तिच्यासमोर गप्प राहिले होते. तिनं निकालाच्या कागदाची घडी करून तो पोरीच्या दप्तरात ठेवला, दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

"दुसरीलाबी तुमीच राहा," ती म्हणाली, आणि पोरीला घेऊन निघाली.