अठराशेचा आकडा

आमच्या पहिल्या गाडीच्या डिकीवरचा '१८००' हा आकडा मी चोरला. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात आजही ही गोष्ट निघाली की माणसं आवाज खाली आणतात आणि माझ्याकडे बघायचं टाळतात. बघा की खुशाल. आकडा काढल्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही. वाईट वाटतं ते त्यानंतरच्या अकरा दिवसांचं. ते माझं मला पुरेसं आहे, नातेवाइकांनी त्यात भर घालायची गरज नाही.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमच्या रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीला दोन वर्षं ओळीनं चांगला भाव मिळाला आणि आबांनी जुनी जीप विकून ॲम्बॅसेडर घेतली. तीही साधी नाही, नवीन निघालेली अठराशे. जपानी इंजिन, पाच गिअर, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखालून काढून खाली दोन सीटांच्या मध्ये आणलेला. बाहेरून मात्र ती जुन्या ॲम्बॅसेडरसारखीच गोलमटोल. रस्त्यानं जाणाऱ्याला फरक कळावा अशी एकच खूण होती, डिकीच्या उजव्या कोपऱ्यातले ते चार चकचकीत अंक.

मी एकोणीस वर्षांची होते. जळगावला होस्टेलवर राहून बी.एस्सी. करत होते आणि गाड्यांसाठी वेडी होते. मुलींनी कशाकशाचं वेड घ्यावं याची आमच्याकडे एक यादी होती आणि त्यात गाड्या बसत नव्हत्या. त्याला माझा इलाज नव्हता. आमच्या जीपचं काम जळगावला अजिंठा रस्त्यावरच्या एका गॅरेजात चालायचं. तिथले मिस्तरी मूळचे साक्रीकडचे, बोलणं अस्सल अहिराणी. लहानपणी आबांचं बोट धरून मी तिथे जायची आणि कॉलेजला आल्यावर एकटी जायला लागले. गुरुवारी आमचं प्रॅक्टिकल लवकर सुटायचं. मग मी लाकडी खोक्यावर बसायची आणि मिस्तरी काम करता करता मला शिकवायचे. जीप चालवायलाही त्यांनीच शिकवली. लायसनच्या अर्जावर आबांनी सही केली ती "अडीनडीले असू दे" म्हणून.

त्या गॅरेजांच्या रांगेत माणसं गाड्यांची नावं फारशी घेत नसत, आकडे बोलत. आठशे आली, अकराशे उभी आहे, वन पॉइंट एटचा क्लच गेला. आणि आकड्यांचे शौकीन तरी किती! एका कपड्याच्या व्यापाऱ्यानं जुन्या कॉन्टेसावर दुकानातून विकत आणलेला '1.8' चिकटवला होता आणि आत इंजिन होतं जुनं पंधराशेचं. तो मोठ्या ऐटीत गाडी लावायचा, आणि चार पावलं लांबून नुसत्या आवाजावरून मी सांगायची, खोटं आहे. मिस्तरी हसून म्हणायचे, "आकडा मांगे ऱ्हास माय, इंजन पुढे ऱ्हास." मला ते 'माय' म्हणत. ही गोष्ट लक्षात ठेवा.

तर गाडी गावात आली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, आईनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. अर्धं गाव जमलं होतं. आमच्याकडे कुठलंही यंत्र आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती हॉर्सपॉवर? विहिरीवरची मोटार पाचची, ट्रॅक्टर पस्तीसचा, त्यावरून माणसाची पत ठरते. शेजारचे नाना डिकीपाशी गेले, आकड्यावरून बोट फिरवलं आणि माझ्या थोरल्या भावाला म्हणाले, "हे अठराशे काय हाये रे? हॉर्सपॉवर?"

दादाला गाडीतलं इतकंच कळायचं की किल्ली कुठे घालायची. तो छाती काढून म्हणाला, "तसंच समजा नाना."

"अबब! अन माह्या ट्रॅक्टरची पस्तीसच!"

मला गप्प बसवलं नाही. माझ्यासमोर कुणी इंजिनाबद्दल खोटं बोललं की दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही, हा स्वभाव आहे. मी म्हणाले, "नाना, ती हॉर्सपॉवर नाही, सीसी आहे. पिस्टन वर-खाली होतो तेव्हा सिलिंडरमध्ये जेवढी जागा होते, ती चारी सिलिंडरांची मिळून अठराशे. म्हणजे पावणेदोन लिटरहून थोडी जास्त."

नानांनी विचार केला. "मंजे दोन लोटे?"

"दोन लोटे. तेही काठोकाठ भरलेले नाहीत."

सगळं गाव हसलं. मी काही चुकीचं बोलले नव्हते, पण त्या दिवसापासून गाडीचं नाव 'दोन लोटे' पडलं ते पडलंच. दादा सकाळी गाडी काढून निघाला की ओट्यावरून कुणीतरी ओरडायचं, "काय शेठ, सकायीच दोन लोटे घेऊन कुठी?" आता खेडेगावात सकाळी लोटा घेऊन माणूस कुठे जातो हे सांगायला नको.

रात्री जेवताना आबा म्हणाले, "चार माणसाइत बोलाची काय गरज होती तुले?"

"खरं होतं ते."

"खरं होतं म्हनून सांगाचंच असते का?"

दादा ताटावरून उठला, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि म्हणाला, "या गाडीला तू हात लावायचा नाही. कधीच नाही."

आबा मान खाली घालून जेवत राहिले. ते काहीतरी म्हणतील म्हणून मी त्यांच्याकडे बघत होते. ज्याला क्लच अर्धा दाबून गाडी उभी करायची सवय, त्याच्या हातात अठराशे, आणि जिला तिच्या व्हॉल्व्हचा आवाज ओळखता येतो ती मागच्या सीटवर आईच्या पिशव्या धरून बसणार. मला राग आला. साधासुधा नाही, पायाच्या तळव्यापासून आला.

दोन महिने मी शनिवार-रविवारी घरी जायची आणि गाडीकडे नुसती बघायची. मग एका रविवारी दादानं गाडी मिस्तरींकडे नेली, मागच्या दाराचा खडखड आवाज काढायला. दुपारी परत आला. दिवेलागणीच्या आधी आईनं मला फडकं देऊन गाडी पुसायला पाठवलं. पुसायला हात लावलेला चालत होता, बरं का. मी डिकी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला दोन छोटे नट होते, आठ नंबरच्या पान्याचे. पाना माझ्या पिशवीतच होता, मिस्तरींनी लायसन मिळाल्यावर बक्षीस दिलेला. दोन मिनिटांत आकडा माझ्या ओढणीत होता. ज्याला आकड्याचाच डौल मिरवायचाय, त्यानं बिनआकड्याची फिरवून बघावी, एवढंच माझ्या मनात होतं. पहाटेच्या एसटीनं मी होस्टेलला गेले आणि आकडा ट्रंकेत प्रॅक्टिकलच्या जर्नलखाली ठेवला.

मिस्तरींचं नाव त्यात येईल हे मला सुचलं नाही. शपथेवर सांगते, सुचलं नाही. पण दादाचा हिशोब सरळ होता. गाडी बाहेर एकाच ठिकाणी गेली होती. मंगळवारी तो जळगावला आला आणि सगळ्या रांगेसमोर मिस्तरींना चोर म्हणाला. आकडा काढून त्या कपड्याच्या व्यापाऱ्याला विकला असणार, असंही म्हणाला.

मला कळलं गुरुवारी, नेहमीसारखी गॅरेजात गेले तेव्हा. मिस्तरींनी खोकं पुढे सरकवलं, मी बसले. बराच वेळ ते कार्बोरेटर धूत राहिले. मग म्हणाले, "चाळीस वरीस व्हयनात माय. कोनाना एक नट ठेवा नही मी." आणि माझ्याकडे न बघता, "तू सांग तुना भाऊले. तुनं ऐकी तो."

मी मान हलवली. 'सांगते' म्हणाले. आकडा त्या क्षणी माझ्या खोलीत, चालत वीस मिनिटांवर होता.

का बोलले नाही? कारण बोलले असते तर गाडी जन्मात मिळाली नसती. आणि कारण मला मजाही येत होती. आईच्या पत्रात होतं की दादा हल्ली चिडचिड करतो, रस्त्यात त्याला कुणी साइड देत नाही, नाक्यावर कुणीतरी टॅक्सी समजून हात केला. ते वाचून मी हसले होते. एकोणिसाव्या वर्षी माणूस किती नालायक असू शकतो, हे मी दुसऱ्या कुणाच्या उदाहरणावरून सांगत नाही.

पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले. एक आठशे कामाला आली होती. तिचा मालक इतर वेळी किल्ली टाकून बाजारात निघून जायचा. आज तो हाताची घडी घालून मिस्तरींच्या मागे उभा होता आणि त्यांच्या हातांकडे बघत होता. मिस्तरी पान्यासाठी वळले की तोही वळायचा. काम झाल्यावर त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, चारी चाकांच्या टोप्या बघितल्या आणि मागे जाऊन आकड्यावरून बोट फिरवलं. मिस्तरी खाली बघत हात पुसत राहिले. पुसून झाले तरी पुसत राहिले.

मी तिथून उठले, होस्टेलवर जाऊन आकडा घेतला आणि मिळेल त्या एसटीनं घरी गेले. आबा ओट्यावर बसले होते, दादा शेजारी. मी आकडा आबांच्या पुढ्यात ठेवला. "मी काढला. मिस्तरींचा काही संबंध नाही."

दादा अंगावर धावून आला. आबांनी त्याला हातानंच थांबवलं. आकडा उचलला, उलटापालटा केला आणि इतकंच म्हणाले, "सकायी जळगावले चाला. जिथी त्याले चोर म्हटलं, तिथीच सांगाचं."

सकाळी दादा यायला तयार होईना. शिव्या त्यानंच दिल्या होत्या, आता कोणत्या तोंडानं जायचं? त्यानं किल्ली टेबलावर आदळली आणि मळ्यात निघून गेला. आबांनी आयुष्यात ट्रॅक्टरपलीकडे काही चालवलं नव्हतं, जीपही गडीच चालवायचा. त्यांनी किल्लीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "चाल," म्हणाले.

अशी मिळाली मला अठराशे. चोर म्हणून हजर व्हायला जाताना.

आणि मी खोटं बोलणार नाही, ती चालवताना मला आनंद झाला. भुसावळच्या अलीकडे रस्ता मोकळा होता, तिसऱ्यातून चौथ्यात टाकली तर गाडीनं हूं की चूं केलं नाही. दोन लोट्यांत एवढं मावतं, हे ज्याला कळतं त्यालाच कळतं. तापीच्या पुलावर आबा म्हणाले, "चांगली चालवतं तू." हेच वाक्य दोन महिन्यांपूर्वी जेवताना म्हणाले असते तर, असं मनात आलं, आणि मग लगेच गॅरेज आठवलं.

रांगेतली माणसं कामं टाकून जमली. आबांनी मिस्तरींपुढे हात जोडले. "मिस्तरी, चोर माह्या घरचाच होता. घेऊन आलो." मी सगळं सांगितलं, पान्यासकट. आवाज कापला नाही याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

मिस्तरी शांतपणे ऐकत होते. शेवटी एकच वाक्य बोलले. "त्या दिन तू आठेच बठेल व्हती."

त्या खोक्याकडे त्यांनी बोट केलं. तिथेच बसून मी 'सांगते' म्हणाले होते.

मी आकडा पुढे केला. "मी लावते परत, नट आणलेत." त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पण गाडीकडे गेले नाहीत. भिंतीवरच्या पान्यांच्या फळीपाशी गेले, वरच्या बाजूला दोन खिळे ठोकले आणि आकडा तिथे बसवला. आबांनी गाडीची किल्ली मिस्तरींच्या तळहातावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. "आठ दिवस ठेवा गाडी. काम काहीच नाही." आणि आम्ही बापलेक एसटी स्टँडकडे चालायला लागलो.

त्यानंतर गॅरेजात येणारा प्रत्येक शौकीन विचारायचा, मिस्तरी, हा अठराशेचा आकडा कुठला? मिस्तरी चेहऱ्यावरची रेघ न हलवता सांगायचे, "चोरीना माल शे." दादानं दुकानातून नवा आकडा आणला होता. आबांनी तो लावू दिला नाही. गाडी होती तोवर डिकीला दोन भोकंच राहिली, आणि गाडी बहुतेक वेळा मीच चालवली.

घरच्यांनी मला माफ केलं, अगदी दादानंसुद्धा. मिस्तरींनी केलं नाही. बरोबर केलं त्यांनी. आठ दिवसांनी मी गाडी आणायला गेले, तेव्हा ती धुऊन पुसून उभी होती. मी सवयीनं खोक्याकडे वळले, तर त्यावर टायर रचून ठेवले होते. मिस्तरींनी किल्ली काढली, फडक्यानं पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"घ्या, ताई," ते म्हणाले.