मामूंची परवानगी

औरंगाबादेला दरवाजे बावन्न, असं सांगतात. पण आत शिरायला सगळ्यांत अवघड दरवाजा चिकलठाण्याला आमच्या कारखान्यात होता, आणि तो दरवाजा म्हणजे मामू. नात्यानं ते कुणाचेच मामू नव्हते. रोज खुलताबादहून एसटीनं यायचे, कॉम्प्युटर खातं सांभाळायचे, आणि जनरल मॅनेजरपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामूच म्हणायचे. भांडार, हजेरी, पर्सोनेल आणि डिस्पॅच असे चार डेटाबेस एकाच मोठ्या मशीनवर होते. कुणी कोणता उघडायचा आणि उघडून काय करायचं, हे ठरवणं मामूंचं काम. मशीनच्या थंडगार खोलीत पाय ठेवण्याआधी चपला बाहेर, आणि चपला काढता काढताच आतून प्रश्न यायचा, “बघायचंय का बदलायचंय?”

या प्रश्नातून कुणी सुटलं नाही. खुद्द जनरल मॅनेजर एकदा मोज्यांवर उभे राहून म्हणाले की मला सगळंच उघडून द्या, बदलायलासुद्धा. मामूंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि भांडारातला साठा फक्त बघायची परवानगी दिली. साहेब आभार मानून गेले. भांडारातला एक क्लार्क लग्नासाठी रजेवर फर्दापूरला गेला, तर मामूंनी त्याच्या लग्नात पोटभर जेवून परतल्यावर पहिलं काम केलं ते त्याची परवानगी बंद करायचं. तो पेढे घेऊन हजर झाला. मामूंनी पेढे खाल्ले आणि नवा अर्ज मागितला. नवरदेव कुरकुरला, तर म्हणाले, “अरे, तू मंडपात आणि तुझा पासवर्ड इथं बेवारस. सांभाळायचा कुणी?”

भिंतीवर त्यांचा पुठ्ठ्याचा तक्ता होता. एका बाजूला नावं, वरती डेटाबेस, आणि मधल्या चौकटींत पेन्सिलीच्या खुणा. शाई त्यांना चालायची नाही. माणसाचं काम बदलतं, तर खूणही पुसता आली पाहिजे. हा तक्ता त्यांच्या अंगात इतका भिनला होता की मी एकदा त्यांच्या घरी जेवायला गेलो, तेव्हा कळलं, स्वयंपाकघरात त्यांना स्वतःला फक्त बघायची परवानगी आहे. एकदा त्यांनी खट्ट्या दाळीत आपल्या मनानं मीठ टाकलं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, आमच्या मुमानींनी, काही दिवस तीही काढून घेतली होती. हे ते अभिमानानं सांगत होते आणि मुमानी ओढणीआड हसत होत्या.

मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर होतो, आणि ते मी कुणाला विसरू देत नव्हतो. मामूंनी माझं नावच ‘ग्रॅज्युएट’ ठेवलं. चहा आला की विचारायचे, ग्रॅज्युएट चहा घेणार का डिग्रीनंच पोट भरलंय. मी जय भीमवाला, आणि दिवस नामांतराचे. नोकरी अजून पक्की नव्हती, तरी मोर्चाला गेलो. त्या विद्यापीठाच्या नावासाठी रस्त्यावर उतरायचं नाही, तर तिथं शिकलो कशाला? आमच्या वस्तीतली आणखी पोरं आली होती, सगळी माझ्यासारखी आमच्याच कारखान्यात कच्च्या नोकरीतली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पर्सोनेलचे साहेब बूट काढून आत आले. नाव, पत्ता, जात हे त्यांच्या डेटाबेसात त्यांना दिसायचं. हजेरी टाइम ऑफिसची. ती दिसत नव्हती. दोन्ही एकत्र बघायची परवानगी मामूंनी कुणालाच दिलेली नव्हती. आता साहेबांना मोर्चाच्या दिवशीची सगळी हजेरी हवी होती. कशासाठी, ते मला स्टुलावर बसल्याबसल्या कळलं. दोन्ही शेजारी ठेवले की कोणत्या वस्तीतलं कोण आलं नव्हतं ते एका नजरेत दिसलं असतं, आणि आमच्यातला एकही पक्का झाला नसता.

मामूंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

“बघायचंय फक्त,” साहेब म्हणाले.

“बघून काय बदलायचंय?”

साहेब भिंतीवरच्या तक्त्याकडं बघू लागले. मी मान वर करू शकलो नाही. मामू शांतपणे म्हणाले, “नक्को साहेब. एखाद्या माणसाचं काम असंल तर नाव सांगा, त्याची हजेरी काढून देतो. वस्तीची नाय मिळणार.” साहेबांनी वर तक्रार करायची धमकी दिली. मामूंनी उठून दारातले त्यांचे बूट नीट त्यांच्याकडं वळवून ठेवले.

तक्रार झाली. जनरल मॅनेजरांनी दोन्हीकडून सांभाळून घेतलं: हजेरी पर्सोनेलला दिली नाही, आणि पर्सोनेलच्या साहेबांचं मन राखायला मामूंची बदली डिस्पॅचला केली. आम्ही पोरं पक्की झालो. मशीन माझ्याकडं आलं.

नव्या जागी रुजू झाल्यावर मामू माझ्याकडं आले. चपला बाहेर काढल्या, हातात अर्ज. डिस्पॅच, फक्त बघायचं. मी म्हणालो, “मामू, तुम्हाला अर्ज कशाला? सगळंच उघडून देतो.”

“येडा हायेस का?” ते म्हणाले. “मला सगळं उघडून दिलंस, तर उद्या त्या साहेबाला कोणत्या तोंडानं नाय म्हणशील, बेटा?”

मी तक्त्यावर त्यांच्या नावापुढं एकच खूण केली. ती त्यांनी जवळ जाऊन चष्म्यातून पाहिली, समाधानानं मान हलवली आणि गेले. मी परत माझ्या स्टुलावर बसलो. मामूंची खुर्ची रिकामीच होती, पण तिच्यावर बसायला मला पुढं कित्येक महिने जमलं नाही.