वेशीपलीकडची सहल

आईनं उभ्या आयुष्यात माझ्याकडे एकच हट्ट केला. "झिला, गुडघे चलतत तवसर माका एकदा खंयतरी घेवन चल. थंय जावन माका नुसता बसाचा आसा."

मी तेव्हा कणकवलीला नवीनच नोकरीला लागलो होतो आणि अंगात उत्साह मावत नव्हता. ऑफिसातल्या सगळ्यांनी एकमुखानं महाबळेश्वर सांगितलं. मासे विकण्यात जन्म घालवलेल्या बाईला थंड हवा दाखवायची, या कल्पनेवर मी बेहद्द खूश होतो.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो. गाडीवाल्यानं नुसतं पिटाळलं. उतरा, बघा, फोटो काढा, चढा. दोन पॉइंटांच्या मध्ये त्याच्या ओळखीची चपलांची, चण्यांची, सरबताची दुकानं. आई प्रत्येक वेळी गुडघ्यावर हात देऊन उतरायची. संध्याकाळी सूर्यास्तासाठी गर्दीत उभी केली, तेव्हा ती एवढ्या मोठ्यानं बोलली की पुढची माणसं वळून बघायला लागली. "रोज आपल्या दारात बुडता तो. तो बघूक हडे कित्याक इलंव?"

मी चिडलो. परतीच्या एसटीत कणकवलीच्या अलीकडचं तळेरे येईपर्यंत मायलेक एकमेकांशी बोललो नाही.

त्याच मार्गशीर्षात आमच्या गावाची गावपळण आली. दर काही वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल घेऊन अख्खा गाव घरं बंद करतो आणि वेशीबाहेर राहायला जातो. तीन दिवस, तीन रात्री गावात दिवा लागत नाही. माणसं, गुरं, कोंबड्या, कोणीच मागं राहत नाही. परतायचं तेही देवानं कौल दिला तरच. आम्ही खाडीपलीकडच्या माळावर झावळ्यांची खोप घातली. घरापासून चालत अर्ध्या तासाची वाट. शेजारी मावशीची खोप. मावशी आमच्याच गावात दिलेली, पण दोघी बहिणींची गाठ पडायची ती लग्नाकार्यात, तीही धावपळीत.

आणि आई बसली. झाडायला अंगण नव्हतं, पहाटे टोपली घेऊन बाजार गाठायचा नव्हता. भात मी शिजवत होतो, आणि त्याला नावं ठेवत दोघी पोटभर जेवत होत्या. बायकांच्या फुगड्या रंगल्या की त्यांना बसल्या जागेवरून सूचना देत होत्या. भर दुपारी पाय पसरून बसलेली आई मी त्याआधी कधी पाहिलीच नव्हती. पुढची गावपळण तिच्या नशिबात नव्हती, म्हणून ते दिवस आता जास्तच आठवतात.

चौथ्या दिवशी सकाळी मानकरी कौल घ्यायला देवळात गेले. इकडे सगळ्यांनी बोचकी बांधून ठेवली. थोड्या वेळानं निरोप आला की देवानं कौल दिला नाही, आजची रात्रही बाहेरच. माळावर एकच कुरकुर उठली. कोणाची रजा संपली होती, कोणाचे तांदूळ. साहेबांना काय सांगायचं ते मनात जुळवत मी आईकडे वळलो.

तिनं आमचं बोचकं सोडून चटई परत अंथरलीसुद्धा होती.

"देवान माझा आयकल्यान गो," ती मावशीला म्हणाली. मग सरकून तिनं चटईवर जागा केली. "तू पण बस रे झिला. खंय जावचा आसा आता?"