श्वासाची पाळी

उल्हासनगरातल्या कुठल्याही वरातीत जाऊन विचारा, बँडमध्ये कोण आवडलं? ट्रम्पेटवाल्याचंच नाव घेतील. गाल फुगवून, मान वाकडी करून मिरवतो ना तो! त्याच्या मागे पोटाशी भलामोठा पितळी भोंगा धरून जी माणसं चालतात, त्यांच्याकडे कुत्रंही ढुंकून बघत नाही. त्या भोंग्याला बँडवाले बास म्हणतात, आणि चामटोलीच्या सदूने उभा जन्म त्या बासमध्ये फुंकून घातला.

दिवसा आनंदनगरला रंगाच्या पावडरीच्या कारखान्यात, संध्याकाळी बाळशेठच्या बँडमध्ये. बासवाले तिघे. मधे सदू, उजवीकडे जितेश, डावीकडे हेमचंद्र. त्या दोघांना बास धरायलाही सदूनेच शिकवलं. हेमचंद्रच्या बासमधून सुरुवातीला म्हैस हंबरल्यासारखा आवाज यायचा, तरी हा बाबा कधी चिडला नाही. "जोर नको रं लावू," म्हणायचा. "बाजूवाल्याचा आवाज ऐक नि त्यात तुजा मिसळ. तू येगळा ऐकू आलास, का तू चुकलास."

खरी मेख मात्र श्वासात. बासचा सूर लांबलचक, एकट्याची छाती त्याला पुरत नाही. म्हणून तिघांनी एकदम श्वास घ्यायचाच नाही, पाळी लावायची. एक जण घेतो तेव्हा दोघे फुंकतात. ही पाळी सदू लावायचा, कोपराने. उजवं कोपर लागलं की जितेशने श्वास घ्यायचा, डावं लागलं की हेमचंद्रने. ऐकणाऱ्याला वाटावं, एकच माणूस फुंकतोय आणि त्याला दम म्हणून लागत नाही. अंगाला ही सवय इतकी जडलेली, की वाजवताना कुणी विचार करत नसे.

पण गेल्या वर्षी कारखान्याची पावडर सदूच्या छातीत भिनली. त्याला घडीघडी श्वास लागायला लागला. दोन्ही पोरं सांभाळून घ्यायची, आणि सदूला त्याचं कोण कौतुक! घरी बायकोला सांगायचा, "गोजरे, पोटची पोरं करनार नाय येवढं करतान गो."

करतायत हं, करतायत!

बाळशेठने गाडीवर कीबोर्ड आणि स्पीकर आणले, आणि तिघांना समोर उभं करून म्हणाला, "आता बास दोनच पुरे. तिसरा फालतू. उद्याच्या लग्नात मी स्वतः कान देऊन ऐकणार. ज्याचा कच्चा, त्याचं वाजवणं बंद."

तो गेल्यावर सदू म्हणाला, "आपून असं वाजवू, का त्याला कच्चा कोन त्येच कळनार नाय. मंग झक मारून तिघानला ठेवील."

"टेन्शन नको घेऊ काका," जितेश म्हणाला. "हम हैं ना." हेमचंद्रने नुसती मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी एका सिंधी व्यापाऱ्याच्या मुलाची वरात हॉलच्या दारात आली. नवरदेव घोडीवरून उतरताना लांब सूर धरायचा असतो. बाळशेठ समोरच उभा. सदूने उजवं कोपर लावलं, जितेशने श्वास घेतला, आणि पाळी नसताना हेमचंद्रनेही तोंड काढलं. ठरवून! निर्लज्जांनी सकाळीच चहाच्या टपरीवर ठरवलं होतं. मधे सदू एकटा उरला. रिकाम्या छातीने त्याने जीव खाऊन फुंकलं, आणि बासमधून असा फर्रर्र आवाज निघाला, की अख्खं वऱ्हाड हसत सुटलं. "अंकल का पेट खराब है!" नवरदेवाचा मित्र ओरडला. घोडीवरचा नवरदेवसुद्धा हसला.

बाळशेठने सदूला काढलं नाही. त्याहून वाईट केलं. "रांग भरलेली दिसली पाहिजे, सदू. कोट घाल, मधे उभा राहा. फुंकायचं नाही." आणि चुकून फुंकलंच तर, म्हणून त्याच्या बासमध्ये चिंध्यांचा बोळा कोंबला. दुसऱ्या कुणी तो बास शेठच्या टाळक्यात घातला असता. सदूने कोट घातला. बँड सोडून संध्याकाळी करायचं काय, हे त्याला माहीतच नव्हतं.

पुढचं लग्न अंबरनाथला. रांगेत उभं राहताना जितेश कानाशी आला. "काका, कोपर तेवढं मारत जा ना. तुझ्याशिवाय टाइमिंग बसत नाही यार." काय म्हणावं या जिभेला! सदू हो म्हणाला.

वरात दारात आली. लांब सूर लागला. सदूच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्याने दोन्ही कोपरं एकदम मारली. दोघांनीही एकदम श्वास घेतला. बास बंद पडला. सदू दम धरून बघत राहिला. आता नाचणारे अडखळतील, शेठ गर्रकन वळेल, दोघांची सालटी काढील.

नवरदेवाचा मामा रुमाल दातांत धरून नाचतच होता. बाळशेठ मोबाइलवर पुढच्या ऑर्डरचं बोलत होता. कीबोर्ड दणदणत होता.

जितेशच्या लक्षात आलं, तसा तो फिसकन हसला. "काका, बघ, कुणाला कळलं पण नाही!"

 डोळ्यांतलं पाणी पुसायला सदूचे हात मोकळे नव्हते. त्याने पुन्हा एकेक कोपर मारायला सुरुवात केली.