चहात बुडवलेला फोटो

नातीने काल माझा फोटो उन्हात छापून आणला, गडद निळा. "असाच सुंदर दिसतो, आजी," ती म्हणाली. मला मात्र उकळलेल्या चहाचा वास आठवला.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, विट्याजवळच्या आमच्या गावी काकांनी दादाचा फोटो असाच छापला होता. काका सांगलीत पाटबंधारे खात्याचे नकाशे काढायचे. फोटोचा कागद मिळेना, म्हणून त्यांनी नकाशे छापायचा, उन्हाने निळा होणारा कागद वापरला. दादाची निगेटिव्ह वर ठेवून तो काचेखाली उन्हात ठेवला, मग घमेल्यात धुतला. पाण्यात फेटेवाला दादा हळूहळू निळा होत गेला. खरा दादा तेव्हा पलटणीबरोबर इटलीत होता.

आई बघून मागे सरली. आमच्या उसात साप फार. साप चावला म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं.

"आवं भावजी, पान लागल्यालं माणूस असं निळं पडतंय. ह्यो भिंतीला न्हाई लावायचा."

आईने बिनदुधाचा काळा चहा उकळून आणला आणि फोटो त्यात बुडवला. निळा रंग विरत गेला. दादा सावळा झाला, नुकताच रानातून आल्यासारखा.

"आता आपला वाटतोय," आई म्हणाली.

दादा लढाईतून परत आला नाही. त्याचा देहही आईला दिसला नाही. भिंतीवर मात्र तो शेवटपर्यंत उन्हात रापलेलाच राहिला.