रद्द शीट्सच्या घड्या

यातलं अर्धं बायकोला माहीत आहे. उरलेलं अर्धं मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. तुम्हालाच सांगतोय.

आधी चिडचिड सांगतो, ती सोपी आहे. आमची कंपनी पंपिंग स्टेशनं डिझाइन करते. सगळं काम स्क्रीनवर — तरी एका क्लायंटला शेवटी कागदी बाइंडर हवेच असतात. टीपॉयएवढी ड्रॉइंग्ज, घडी घालून, भोकं पाडून. नावाची चौकट वर दिसली पाहिजे, डावीकडची पट्टी एकेरी राहिली पाहिजे, म्हणजे बाइंडरमधून न काढता शीट उलगडता येते. कोण उलगडतं? देव जाणे. हे काम बाहेरचं प्रिंटिंगचं दुकान करतं. हे लक्षात असू द्या.

त्या हिवाळ्यात बाबा अमेरिकेत, नेपरव्हिलला आमच्याकडे होते. आई गेल्यानंतरची त्यांची पहिलीच खेप. बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, ओळखीचं कुणी नाही. मी बहुतेक दिवस घरूनच काम करायचो, मग दिवसभर माझ्यामागे — हीटर असा का घरघरतो, कचरा मंगळवारीच का नेतात, मीटिंग चालू असताना चहा घेणार का. मी वैतागलो होतो. नागपूरच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात जन्म काढलेला माणूस, त्याला गुंतवायचं तरी कशात? एके दिवशी ऑफिसच्या रिसायकलिंगच्या डब्यातून रद्द झालेल्या शीट्सचा गठ्ठा उचलून आणला आणि म्हणालो, बाबा, क्लायंटचे बाइंडर करायचेत, घड्या घालून द्याल का?

बायकोला माहीत आहे ते एवढंच. तिला ती युक्ती गोडही वाटली होती.

बाबांनी डायनिंग टेबलाचा ताबा घेतला. प्रत्येक घडीवरून स्टीलची वाटी दाबून फिरवायचे. आमची इरा शाळेत सांगून आली, "आबा हॅज अ जॉब नाऊ." घड्या सुरेख होत्या. फक्त आपल्याकडच्या ए-फोरच्या मापाच्या. इथला कागद उंचीला आखूड, त्या घड्या बाइंडरबाहेर डोकावल्या असत्या. पहिल्याच दिवशी दिसलं मला. बोललो का? कशाला बोलायचं — त्या जाणार कुठे होत्या? बाबा म्हणायचे, एखादा बाइंडर घरी आण, लावून बघू. मी म्हणायचो, ते ऑफिसातच असतात. सोमवारी गठ्ठा न्यायचा, डब्यात टाकायचा, नवा आणायचा.

इथवर फार तर लबाडी. पुढचं सांगायचं मी टाळतोय, कळतंय मला.

फेब्रुवारीत वर्ध्याहून आतेभावाचा फोन आला. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आजी लवकर गेली, बाबांना तिनेच वाढवलं. तिचं जेवण सुटलं होतं, भाऊ कधी येतो विचारत होती. मामांना पाठव, आतेभाऊ म्हणाला. मी बाबांना सांगितलं. त्यांच्या हातात वाटी तशीच होती.

"ताईकडे जायला पाहिजे रे," ते म्हणाले. मग टेबलाकडे बघून म्हणाले, "पण मी गेलो तर तुझं काम अडेल का?"

एका शब्दाचं उत्तर होतं. आणि माझ्या डोक्यात काय आलं? इराची स्कूल बस. बायकोला नुकतंच रोज ऑफिसला जाणं भाग पडलं होतं, माझ्या मीटिंग्ज नेमक्या दुपारी, बसपाशी बाबाच उभे राहत, आणि शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळणाऱ्या आफ्टर-स्कूलची वेटिंग लिस्ट काही हलत नव्हती.

"अडेल, बाबा," मी म्हणालो. "महिनाअखेरीला डिलिव्हरी आहे."

ते मान हलवून म्हणाले, मग त्यानंतरचं तिकीट बघ. दुसऱ्या दिवशी मी आणखी मोठा गठ्ठा आणला. कुणी सांगितलं होतं? डबा भरलेला होता, मी वाकून तो उपसला — स्वतःच्या हातांनी. बायको अजून समजते, बाबा आपणहून थांबले.

महिना संपायच्या आत आत्या गेली. फोन सकाळी आला. बाबा आंघोळ करून आले, टेबलाशी बसले आणि उरलेल्या शीट्स त्यांनी पुढे ओढल्या. राहू द्या, मी म्हणालो. थोड्याच आहेत, ते म्हणाले. तेव्हाही सांगता आलं असतं — नाही का? मी लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर बसलो. ते वाटी फिरवत राहिले.

बाबा आता नागपूरलाच असतात. रविवारी फोन होतो. परवा मध्येच त्यांनी विचारलं, "ते बाइंडर वेळेवर गेले होते ना रे?"

"गेले," मी म्हणालो.

"मग ठीक," ते म्हणाले. "ताईला पटलं असतं."

मी फोन इराच्या हातात दिला.